आमची वाटचाल: हळदीने लाल होणारं लाकूड

पुण्यात नऱ्ह्यातल्या या शेडमध्ये येण्याआधी आमचं दुकान भवानी पेठेत होतं, टिंबर मार्केटमागच्या गल्लीत, दहा बाय वीसचं. आबा सागाशिवाय कशालाच लाकूड म्हणत नसत. आंबा खोक्याला, बाभूळ बैलगाडीला, घरात साग, एवढंच त्यांचं शास्त्र. मी रबरवुडचा, म्हणजे रबराच्या झाडाच्या लाकडाचा, पहिला बोर्ड आणला तेव्हा त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला, नख रुतवून पाहिलं आणि मिस्त्रींना म्हणाले, "घ्या, पोरगं आता खोडरबर विकणार!"

गिऱ्हाइकांचंही तेच. "रबराचं म्हणजे वाकणार ना हो?" हे मी अजूनही ऐकतो. रबर असतो सालीतल्या चिकात. आतलं लाकूड चांगलं टणक, फिकट सायीच्या रंगाचं, आणि पॉलिशचा रंग छान धरणारं.

रबरवुडकडे मी वळलो तो निव्वळ हिशोबापायी, पर्यावरणाचा विचार नंतरचा. टू बीएचके घेऊन हप्ते फेडणाऱ्या माणसाला सागाचा पलंग झेपत नाही, आणि पार्टिकल बोर्डचा घेतला तर फरशी पुसता पुसता पलंगाचे पाय फुगतात. मधलं काहीतरी हवं होतं.

ते केरळात होतं. रबराचं झाड सातव्या वर्षाच्या आसपास चीक द्यायला लागतं आणि पंचवीस-तीस वर्षांत आटतं. मग मळेवाला ते पाडून नवं रोप लावतो. खुर्ची कोणी घेवो न घेवो, झाड पडणारच. पूर्वी ते वीटभट्टीत जायचं, नाहीतर पॅकिंगच्या खोक्यांत. मलेशियाने १९८०च्या दशकात त्याच्या फर्निचरची मोठी निर्यात उभी केली, आणि आपण बराच काळ ते जाळत बसलो.

हे सगळं मी गिऱ्हाइकांना रंगवून सांगायचो. मग एका पावसाळ्यात सहकारनगरच्या काकूंचा फोन आला. "अहो, तुमच्या पलंगाखाली रोज पीठ सांडतंय." गेलो. खरंच मैद्यासारखी भुकटी, बोटावर घेतली तर दाणासुद्धा लागेना. फळीला टाचणीच्या डोक्याएवढी भोकं. काकू काही बोलल्या नाहीत, चहा दिला. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्या लॉटचे सहा पलंग परत आणले, पदरचे पैसे घालून नवे दिले. बोर्ड स्वस्तात मिळाले होते, तेव्हाच शंका यायला हवी होती. ज्याच्याकडून घेतले त्याने फोन उचलणं बंद केलं. आबा एवढंच म्हणाले, "सागाला स्वतःचं तेल असतं. याला काय आहे?"

प्रश्न अचूक होता. याला काहीच नाही. उलट अंगात पिष्ट आणि साखर भरलेली, म्हणजे भुंग्याला आयतं जेवण. मादी लाकडाच्या छिद्रांत अंडी घालते, अळी आतल्या आत कोरत राहते, आणि भोक दिसतं ते भुंगा बाहेर पडताना, काही महिन्यांनी. तोवर पलंग गिऱ्हाइकाच्या घरी.

मग मी स्वतः केरळात पेरुंबावूरला गेलो. तिथे कळलं की या लाकडाचं नशीब झाड पडल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांतच ठरतं. ओंडका पडून राहिला की बुरशीने निळसर काळे डाग धरतो. म्हणून लगेच चिरतात, फळ्या लोखंडी टाकीत बंद करतात, आधी हवा खेचून घेतात आणि मग बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी दाबाने आत शिरवतात. दोन्हींत बोरॉन असतं, ते भुंग्याला विष. नंतर भट्टीत सुकवतात. ही पायरी ज्याने उरकून घेतली, त्याचा माल वरून ओळखू येत नाही.

ओळखायची युक्ती मात्र आपल्याच स्वयंपाकघरातली निघाली. हळद! स्पिरिटमध्ये काढलेला हळदीचा अर्क ताज्या कापावर लावायचा, वर आम्लाचं द्रावण मारायचं. बोरॉन पोचलं असेल तिथे लाकूड लाल होतं, नसेल तिथे पिवळंच राहतं. पहिल्यांदा मिस्त्रींनी त्या जुन्या लॉटचा उरलेला तुकडा मधोमध कापला. कडेला लाल किनार आणि आतला सगळा गाभा पिवळाधमक. "दादा, हे तर नुसतं न्हाऊ घातलंय," मिस्त्री म्हणाले.

आता गाडी आली की आधी हळद, मग मॉइश्चर मीटर. दहा-बारा टक्क्यांच्या वर माल उतरवत नाही. बोर्ड मध्ये पट्ट्या ठेवून पंधरा दिवस शेडमध्ये रचतो, कारण पुण्याची एप्रिलची कोरडी हवा आणि जुलैची ओल यांत लाकूड रुंदीत हलतंच. टेबलाचा वरचा फळा आम्ही लांबट भोकांतून स्क्रूने धरतो, त्याला श्वास घ्यायला जागा राहते. खिळा तर मारतच नाही, आधी भोक पाडून स्क्रू. नाहीतर कडेला चीर गेलीच म्हणून समजा.

बाल्कनीत ठेवायला मागणाऱ्यांना सरळ नाही सांगतो. पावसात बोरॉन धुऊन जातं, आणि मग पुन्हा पीठ. "पर्यावरणपूरक" असं आम्ही पाटीवर लिहीत नाही. ट्रक केरळातून हजाराहून जास्त किलोमीटर डिझेल जाळत येतो, आणि आग्नेय आशियात रबराच्या मळ्यांसाठी जंगलंही तुटली आहेत. पलंग वीस वर्षं टिकला तर शब्दाला अर्थ, दोन वर्षांत भुकटी झाली तर वीटभट्टीच बरी होती.

आबा आता दुकानात फारसे येत नाहीत. गेल्या दिवाळीत आले, लाल झालेला एक तुकडा काउंटरवर होता तो उचलून चष्म्याजवळ नेला. म्हणाले, "घरी डायनिंग टेबल करायचंय. रंग सागाचा दे." सहकारनगरच्या काकूंनी नातीसाठी अभ्यासाचं टेबल सांगितलंय. त्याच्यासाठी आलेल्या गाडीतले चार बोर्ड मिस्त्रींनी काल परत पाठवले. गाभा पिवळा निघाला.