छप्पर टाकत नाहीत, ओढतात

भर एप्रिलची दुपार. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाच्या, म्हणजे आपल्या गोल्फ क्लबच्या कडेला, झाडाखाली तीन पोरं एका मोबाइलवर वाकलेली. मॅच असणार म्हणून डोकवावं, तर पडद्यावर नुसतं बांधकाम! बार्सिलोना फुटबॉल क्लबचं स्टेडियम, कॅम्प नोऊ. कालचा फोटो आणि परवाचा फोटो शेजारीशेजारी. "क्रेन सरकलीय." "सरकली नाही रे, बूम फिरवलाय. साखळीची चाकं बघ, तिथंच आहेत." २२ नोव्हेंबर २०२५ ला संघ या मैदानावर परतला, तेव्हा प्रेक्षकांचा तिसरा मजला आणि छप्पर दोन्ही बाकी होतं. तेव्हापासून गोल कुणी मारला याच्याइतकीच उत्सुकता नवं छप्पर कधी दिसतं याची.

यात हसण्यासारखं काही नाही. गल्लीत लग्नाचा मांडव घालायला टेम्पो आला की पोरं शाळेचं दप्तर न ठेवता तिथंच उभी राहत. बांबू उतरवले, खुंट ठोकले, कुणीतरी वर चढून काथ्याचे फेरे मारले, गाठ दातांनी आवळली. मांडववाला एकदा दोराला बोटाने टिचकी मारून बघायचा. मग कापड वर जायचं, आणि ते गेलं की सगळी पोरं घरी. मांडवाखाली पुढे लग्न लागायचं, त्याच्याशी त्यांचा काही संबंध नसायचा. छप्पर बघण्यातली मजा ते होईपर्यंतच असते.

आपली क्रियापदं मात्र या बाबतीत फार फसवी आहेत. पत्रे आपण टाकतो. मांडव घालतो. स्लॅब तर चक्क पडतो, आणि तो पडला म्हणून पेढे वाटतो. ऐकणाऱ्याला वाटावं की छप्पर ही वरून खाली येणारी, मग गप पडून राहणारी वस्तू आहे. मोठ्या स्टेडियमचं दोरांवरचं छप्पर यांतलं काहीच करत नाही. ते खालून वर जातं आणि आयुष्यभर ओढलेलं राहतं.

निफाड-दिंडोरीकडच्या माणसाला हे फोड करून सांगावं लागत नाही. द्राक्षबागेचा मांडव तो रोज बघतो. कडेचे अँगल बाहेरच्या बाजूला कलते, त्यांना मागून ताणाची तार, आणि तार जमिनीत पुरलेल्या दगडाला. बागेतला सगळा भार तारांमधून शेवटी त्या दगडावर. फेब्रुवारीत घड भरलेले असताना वारा-पाऊस आला आणि गंजलेला एक ताण मातीलगत तुटला, की शेजारच्यावर दुप्पट ओढ येते, मग त्याच्या शेजारच्यावर, आणि अख्खी बाग झोपते. वरच्या तारा बहुतेक वेळा शाबूत असतात.

स्टेडियमभोवती दगड पुरायला जागा नसते, म्हणून तिथं सायकलच्या चाकाची युक्ती. बाहेर पोलादाचं भलंमोठं कडं, आत दोरांचं कडं, दोन्हींच्या मध्ये आरे. आरे आतल्या कड्याला बाहेर खेचतात, बाहेरच्याला आत दाबतात. एक ताणात, दुसरं दाबात. खेचाखेच आपापसातच मिटते आणि खांबांना फक्त वजन उचलायचं उरतं. मधला भाग मोकळा, तिथं गवत.

हे बाहेरचं कडं तुकड्यातुकड्यांनी जोडतात, आणि शेवटचा तुकडा सगळ्यांची परीक्षा बघतो. शंभर मीटर पोलाद वीस अंशांनी तापलं की साधारण २४ मिलिमीटर वाढतं. दुपारी मोजून कापलेला तुकडा पहाटे सैल, पहाटेचा दुपारी शिरत नाही. म्हणून आदल्या दिवशी तापमानासकट मापं घ्यायची आणि ऊन चढायच्या आत जोड उरकायचा. फोटो बघणाऱ्याला मात्र वाटतं, एवढंसं भोक बुजवायला यांना आठवडा का लागतोय?

मग येते खरी उचल. सगळे दोर आधी खुर्च्यांच्या पायऱ्यांवर आणि मैदानात पसरतात. खाली लाकूड किंवा जाड कापड, नाहीतर दोराचं वरचं आवरण खरवडतं आणि गंज तिथूनच शिरतो. प्रत्येक आऱ्याच्या टोकाला हायड्रॉलिक जॅक. त्यात पाचरींचे दोन संच असतात. एक धरतो, दुसरा सोडतो, दट्ट्या अर्ध्या मीटरच्या आतबाहेर सरकतो, मग धरणारा बदलतो. रहाट नसलेल्या विहिरीतून बादली ओढताना हातापुढे हात टाकतो ना, तसंच. सगळे जॅक एका ठिकाणाहून चालवतात, कारण एक मागे राहिला तर त्याचा वाटा शेजाऱ्याच्या बोकांडी बसतो. थोडं ओढायचं, थांबायचं, मोजायचं. जोराचा वारा सुटला तर काम बंद.

या दिवसांत चाहते हमखास घाबरतात. दोर लोंबताहेत, मधलं कडं एका अंगाला कललंय, सगळं गबाळं दिसतंय! दिसणारच. असल्या छपराला अर्ध्या वाटेवर आकारच नसतो. शेवटच्या थोड्या खेचण्यात ते एकदम शिस्तीत येतं. मांडववाल्याची टिचकी त्यानंतरची.

दुसरी घबराट कापडाच्या रंगाची. काचेच्या धाग्यावर टेफ्लॉनचा लेप दिलेलं कापड नवं असताना बदामी, मळकट असतं, वापरून वापरून उतरलेल्या धोतरासारखं. चित्रात पांढरंशुभ्र दाखवलं आणि आणलं हे काय! कंत्राटदाराने फसवलं म्हणून ओरड सुरू होते. उन्हात काही महिने गेले की तेच पांढरं पडतं. पॉलिएस्टरवर पीव्हीसीचा लेप असलेलं स्वस्त कापड पहिल्या दिवसापासून पांढरं असतं. त्याला उतरती कळा लवकर लागते, इतकंच. काचेच्या कापडाची घडी मात्र घालायची नाही. घडीवर धागा मोडतो, आणि चीर तिथूनच धावते. ते रुळावर गुंडाळून वर नेतात आणि मुद्दाम थोडं आखूड बेततात, म्हणजे ओढल्यावर मापात बसतं. उभा धागा किती ताणेल, आडवा किती, हे आधी नमुना ओढून बघतात. येवल्याच्या मागावर बसणाऱ्याला यात नवल वाटायचं नाही.

हे कापड चौरस मीटरला दीड किलोच्या आसपास; अर्ध्या मिलिमीटरचा साधा पत्रा चार किलोच्या घरात. त्यामुळे काळजी ते खाली येईल याच्याइतकीच वर उडेल याचीही. म्हणून काही दोर ते धरून ठेवायला, तर काही खाली खेचायला. आणि कापड सपाट कधीच ठेवायचं नाही, घोड्याच्या खोगिरासारखी वळणं द्यायची. सपाट जागी पाणी साचतं, साचलं की कापड खोलावतं, खोलावलं की आणखी साचतं. पावसाळ्यात ताडपत्रीच्या पोटाला खालून काठीने ढोसणारा प्रत्येक भाजीवाला हे शास्त्र जाणतो.

माँट्रियलला ते महागात पडलं. १९७६ च्या ऑलिम्पिकसाठी बांधलेल्या मैदानाला छप्पर मिळालं १९८७ साली. उघडझाप करणारं, आणि वारंवार फाटणारं. १९९८ मध्ये नवं, कायम बंद राहणारं बसवलं. जानेवारी १९९९ मध्ये बर्फाच्या ओझ्याने तेही एका ठिकाणी फाटलं. आता तिसरं छप्पर, या वेळी टणक; खर्च ८७ कोटी कॅनेडियन डॉलर, निर्णय २०२४ चा.

आपल्याकडे वानखेडेवर २०११ च्या विश्वचषकाआधी टेफ्लॉनचं छप्पर आलं. अहमदाबादच्या मोटेऱ्याला दिवे छपराच्या कडेलाच बसवले, त्यामुळे दिव्यांचे वेगळे खांब नाहीत. पुण्याजवळ गहुंजेला बऱ्याच स्टँडांत डोक्यावर थेट सूर्य. आणि गोल्फ क्लबवर रणजी असली की कापडी मांडव पाहुण्यांच्या खुर्च्यांवर, बाकी नाशिककर टोपी आणि झाडं यांच्या भरवशावर. तरी बरं, पूर्ण छप्पर घातलं की गवत रुसतं. दक्षिणेकडच्या स्टँडची सावली हिवाळ्यात मैदानात लांबवर पसरते, मग युरोपात गवतावर दिव्यांच्या गाड्या फिरवतात.

पोरं अजून फोटोतच आहेत. "तो केशरी ठिपका काय आहे?" ठिपका म्हणजे माणूस. ब्राझीलमध्ये साओ पाउलोला २७ नोव्हेंबर २०१३ रोजी स्टेडियमच्या छपराचा शेवटचा भाग उचलताना क्रेन कोसळली आणि दोन कामगार गेले. त्या छपराच्या प्रगतीचे फोटोही लोक असेच बघत असणार. वर काम करणाऱ्याच्या पट्ट्याला दोन हुक असतात. एक काढला तरी दुसरा अडकवलेला राहिला पाहिजे.

पोरगा दोन बोटांनी फोटो मोठा करतो. आणखी मोठा. ठिपक्याच्या चौकटी होतात. हुक काही दिसत नाहीत.