मागच्या सीटवरून

होरनाडू (कर्नाटक), रात्री साडेनऊ.

आज यांनी विचारलेला एक साधा प्रश्न अजून मनातून जात नाही. एस. के. बॉर्डरचा वनखात्याचा तपासणी नाका मागे टाकून आम्ही कुद्रेमुखच्या गवताळ डोंगरांत शिरलो होतो, गवताची टोके उन्हात पिवळी दिसत होती, आणि तेवढ्यात मागून यांचा आवाज आला, ‘‘अगं, इथे झाडे फक्त घळींतच का आहेत? वर माथ्यावर एकसुद्धा नाही.’’ मी उत्तर दिले नाही. पुढच्या वळणावर बारीक खडी पसरली होती हे एक कारण झाले. दुसरे कारण असे, की हे उत्तर मी यांना २००४ साली याच रस्त्यावर, याच बुलेटवर मागे बसून दिले होते, आणि तेव्हा हे ‘‘हं’’ म्हणाले होते.

त्या वेळी मी किती जीव लावून सांगितले होते, ते मला शब्दन्‌शब्द आठवते. माथ्यावर वाऱ्याचा मारा असतो आणि मातीचा थर पातळ असतो, म्हणून तिथे गवत टिकते. घळीत माती आणि ओल साठते, वाऱ्यापासून आडोसा मिळतो, म्हणून तिथे शोला, म्हणजे बुटके सदाहरित जंगल, दाटते. आणि पावसाळ्यात मुरलेले पाणी हे गवत आणि ही जंगले मिळून उन्हाळ्यापर्यंत हळूहळू सोडत राहतात. तुंगा, भद्रा आणि नेत्रावती या तिन्ही नद्या इथल्या गंगामूळच्या डोंगरात उगम पावतात. नेत्रावती पश्चिमेला मंगळूरकडे जाते, तुंगा आणि भद्रा मात्र कूडलीला एक होऊन पुढे आपल्या कृष्णेला मिळतात, म्हणजे सांगलीच्या घाटावरून गेलेल्या पाण्याला हे पाणी खाली भेटते, हेसुद्धा मी यांच्या कानाशी ओरडून सांगितले होते. तेव्हा इथली लोखंडाची खाण चालू होती, कापून पायऱ्या पाडलेला तांबडा डोंगर दिसत होता, आणि तो पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आले होते. १९८७ साली राष्ट्रीय उद्यान जाहीर झालेल्या जंगलाला खेटून असा डोंगर कापला जातो, हे मला सहन होत नव्हते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २००५च्या अखेरीस ते काम थांबले, त्या दिवशी मी घरी शिरा केला होता. यांनी तो आवडीने खाल्ला. कशासाठी केला ते विचारले होते का, हे आज काही केल्या आठवत नाही.

या रस्त्याने आजची आमची चौथी खेप. आधीच्या तीन खेपांत मी बोलत होते, दाखवत होते, ‘‘अहो, उजवीकडे बघा’’ म्हणत होते, आणि आम्ही दोघांनी हा डोंगर मिळून पाहिला, असे इतकी वर्षे धरून चालले होते. मग मी कोणाशी बोलत होते?

यांच्या खांद्याविषयी इथे लिहिणार नाही. लेकीचा फोन आला होता, गाडीचा विषय तिने पुन्हा काढला. त्याचे नंतर पाहू.

कार्कळहून निघताना यांनी काही न बोलता किल्ली माझ्या हातात दिली आणि मागे जाऊन बसले. नाक्यावर चिठ्ठीत वेळ लिहून मिळाली, मध्ये कुठेही थांबायचे नाही असे बजावून सांगितले गेले, आणि तिथून पुढे माझ्या डोळ्यांपुढे फक्त डांबर होते. वळण, खडी, समोरून मधोमध येणारी बस, पुन्हा वळण. इतक्या वर्षांनी हा रस्ता माझ्या हातात आला आणि ज्याच्यावरून कुद्रेमुख, म्हणजे कन्नडमध्ये ‘घोड्याचे तोंड’, हे नाव पडले, त्या सुमारे १,८९० मीटर उंच शिखराचे ते तोंड कोणत्या वळणावर दिसले, हे मला सांगता येणार नाही. खाणीचा गाळ अडवणारे लख्या धरण केव्हा मागे पडले तेही कळले नाही. संध्याकाळी देवळात प्रसादाच्या पंगतीत बसलो तेव्हा माझी मनगटे दुखत होती, आणि हे मात्र लहान मुलासारखे सांगत होते. ‘‘काळे माकड पाहिले, तोंडाभोवती करडी आयाळ, शेपटीला सिंहासारखा गोंडा, फांदीवर एकटेच बसले होते.’’ सिंहपुच्छ माकड फक्त आपल्या पश्चिम घाटात सापडते, ते झाडांवरून क्वचितच खाली उतरते, आणि ते दिसावे म्हणून मी तीन खेपा मान दुखेपर्यंत वर पाहत बसले होते. आज ते यांना दिसले, आणि ज्या झाडावर ते होते त्याखालून गाडी मी नेत होते. माझा घास तसाच हातात राहिला. खरेच सांगायचे तर त्या क्षणी मला यांच्याशी एक शब्दही बोलावासा वाटेना.

खोलीवर आल्यावर यांनीच विचारले, ‘‘आणि तू काय पाहिलेस?’’ मी म्हणाले, काही नाही. मग बराच वेळ गप्प राहून, जे खरोखर लक्षात राहिले होते ते सांगितले. दर थोड्या वेळाने बाहीतून एकदम गार वारा आत शिरे, ओल्या पानांचा वास येई, हाताच्या मुठी थंड पडत आणि पुढच्याच वळणाला पुन्हा ऊब लागे. ते इतक्या वेळा घडले, की नंतर नंतर मी गारवा यायच्या आधीच गिअर खाली घेऊ लागले.

‘‘हो, तिथे रस्ता ओला असतो,’’ हे म्हणाले. ‘‘सकाळी तर फार जपावे लागते. मीही तेच करायचो.’’

त्या घळी होत्या. रस्ता जिथे जिथे घळीत वळतो, तिथे तिथे तो शोलाच्या सावलीतून जातो. इतकी वर्षे यांनी एकही शोला डोळे भरून पाहिला नव्हता, पण प्रत्येक शोला यांना बाहीतल्या वाऱ्यावरून ठाऊक होता, आणि त्याच ओल्या वळणांवर मी मागे निर्धास्त बसून झाडांवर माकड शोधत होते. मी त्यांना एकदाही विचारले नव्हते, की तुम्हाला काय दिसते आहे.

तरीही तो ‘‘हं’’ मला अजून पुरता सोडवत नाही. निदान शिऱ्याच्या दिवशी तरी विचारायला हवे होते. पण आज पंगतीत हे माकडाविषयी एवढे भरभरून बोलत होते तेव्हा मीही दोन-तीन वेळा नुसतेच ‘‘हं’’ म्हटले, हे लिहून ठेवायला हवे.

मग दिवा घालवायच्या आधी मी यांना झाडे घळींतच का असतात ते पुन्हा सांगितले. या वेळी यांनी मध्येच थांबवून विचारले, ‘‘मग नेत्रावती तेवढी पलीकडे कशी गेली?’’ तेही सांगितले. उद्या परत त्याच रस्त्याने उतरायचे आहे, आणि घोड्याचे तोंड दिसले की खांद्यावर हात ठेवून सांगा, मी मान वळवणार नाही, असे मी यांना बजावले आहे.