सेसना १७२ चा स्पेक्ट्रम सर्व्हे: अ‍ॅनालायझरचं सेटिंग मी असं करतो

सेसना १७२ सारख्या छोट्या विमानाचं इंजिन हादरतंय अशी तक्रार आली की लगेच प्रॉप (प्रोपेलर, पुढचा पंखा) बॅलन्स करायला घेण्याची घाई होते. पण वजन लावून कमी होतं ते फक्त १× चं, म्हणजे प्रॉपच्या एका फेऱ्याला एकदा येणारं कंपन. हादरा दुसऱ्या कशाचा असेल तर वजनं लावून काहीच साधत नाही. म्हणून आधी स्पेक्ट्रम सर्व्हे, म्हणजे कोणत्या फ्रीक्वेन्सीला किती कंपन आहे ते यंत्रावर पाहणं. त्यातली अडचण अशी की सेटिंग चुकलं तरी स्क्रीनवर येणारा आलेख दिसायला अगदी बरोबर दिसतो. त्यामुळे मी जास्तीत जास्त वेळ इंजिन सुरू होण्याआधीच्या कामाला देतो.

इथली उदाहरणं लायकॉमिंग आयओ-३६० इंजिन आणि दोन पात्यांचा फिक्स्ड पिच प्रॉप असलेल्या १७२एस ची आहेत. सर्व्हे जमिनीवर, २१०० आरपीएमला. प्रॉप थेट क्रँकशाफ्टवर असल्यामुळे २१०० सीपीएम (मिनिटाला आवर्तनं), म्हणजे ३५ हर्ट्‌झ, हे १×. अर्ध्या ऑर्डरला, म्हणजे १× च्या निम्म्यावर, १०५० सीपीएम: कॅमशाफ्ट इथेच फिरतो आणि एखादा सिलिंडर मागे पडला तर तोही इथेच दिसतो, कारण फोर-स्ट्रोकमध्ये प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. ४२०० ला २×. दोन पाती हवा कापतात ती आणि चार सिलिंडर पेटतात तेही याच जागी, त्यामुळे एवढ्या एका शिखरावरून दोष प्रॉपला द्यायचा की इंजिनाला, हे ठरवता येत नाही. हे आकडे मी कागदावर आधीच लिहून ठेवतो.

सेन्सर त्वरण मोजणारा, १०० मिलिव्होल्ट प्रति जी (१ जी म्हणजे गुरुत्वत्वरण) चा अ‍ॅक्सेलरोमीटर. तो प्रॉपच्या जितका जवळ तितका बरा: क्रँककेसच्या वरच्या सांध्यावरच्या पुढच्या बोल्टवर, जाड आणि आखूड ब्रॅकेट लावून, अक्ष उभा. सिलिंडर बेसच्या थ्रू-बोल्टना हात लावायचा नाही. ते सैल केले तर मेन बेअरिंगवरची पकड जाते. पातळ पत्र्याचा ब्रॅकेट स्वतःच थरथरतो आणि त्याचं कंपन इंजिनाच्या नावावर जमा होतं. केबल दर वीतभर अंतरावर बांधायची. एक्झॉस्ट आणि इग्निशन लीडपासून दूर.

आता अ‍ॅनालायझर. कमाल फ्रीक्वेन्सी १२,००० सीपीएम, रेषा (आलेखाचे समान भाग) ४००. म्हणजे एक रेषा ३० सीपीएमची आणि एका नमुन्याला २ सेकंद. रेषा वाढवल्या की तपशील वाढतो, पण वेळही वाढतो, आणि पिस्टन इंजिन तेवढा वेळ एका आरपीएमला स्थिर राहत नाही. मग शिखर शेजारच्या रेषांत पसरतं आणि बुटकं दिसतं. सरासरी ४ नमुन्यांची. पीक होल्ड (सर्वांत मोठं वाचन धरून ठेवणारी सोय) बंद, नाहीतर वाऱ्याचा एखादा झोत आला की तोच कायम बसतो.

विंडो, म्हणजे नमुन्याच्या दोन्ही कडा हळूहळू शून्यावर आणणारी गणिती प्रक्रिया, हॅनिंग. याची एक खोड लक्षात ठेवावी. २१०० ला भागिले ३० म्हणजे बरोबर ७०वी रेषा, तिथे उंची खरी येते. इंजिन २११५ ला सरकलं की शिखर दोन रेषांच्या मधोमध पडतं आणि उंची सुमारे १५ टक्के कमी दिसते: खरे ०.२० आयपीएस (इंच प्रति सेकंद, कंपनाचा वेग) असतील तर वाचन ०.१७. कोणती शिखरं आहेत ते पाहायला हॅनिंग उत्तम. नेमका आकडा नोंदवायचा असेल तेव्हा मी फ्लॅट टॉप ही दुसरी विंडो लावतो.

एकक आयपीएस, पीक (लहरीची कमाल उंची). आरएमएसवर (एक प्रकारची सरासरी) राहिलं तर ०.२० चे ०.१४ होतात आणि हादरणारं विमान पास होतं. ०.२० च्या वर काम करायलाच हवं, ०.०७ च्या खाली आणायचं, हा माझा मापदंड. निर्मात्याची मर्यादा दिलेली असेल तर अर्थातच ती. ३५ हर्ट्‌झला ०.२० आयपीएस म्हणजे जेमतेम ०.११ जी, सेन्सरमधून ११ मिलिव्होल्ट. एवढ्याशा सिग्नलला ढिला कनेक्टर पुरतो. म्हणून बायस व्होल्टेज (सेन्सरच्या तारेवरचं स्थिर डीसी व्होल्टेज) बघायचंच: साधारण ८ ते १४ व्होल्ट ठीक, शून्याजवळ म्हणजे शॉर्ट, पुरवठ्याइतकं म्हणजे तार तुटलेली. आलेखाच्या डाव्या टोकाला उतरता डोंगर दिसला तर तो इंजिनाचा नाही. अ‍ॅक्सेलरोमीटरचा सिग्नल त्वरणातून वेगाच्या आकड्यात (आयपीएस) रूपांतरित करताना कमी फ्रीक्वेन्सीचा गोंगाट फुगतो. हाय-पास फिल्टर (त्याखालचं गाळून टाकणारा) ३०० सीपीएमला ठेवावा आणि सेन्सर चालू केल्यावर तो स्थिरावायला थोडा वेळ द्यावा.

अ‍ॅनालायझर बॅटरीवरच चालवायचा. आपल्या वीजपुरवठ्याचे ५० हर्ट्‌झ म्हणजे ३००० सीपीएम, आणि २००० आरपीएमचं दीडपटही नेमकं तेवढंच. हँगरमध्ये चार्जर लावून तपासताना ही रेघ दिसली तर घाबरू नये.

काउलिंग (इंजिनावरचं झाकण) लावलेलं, नाक वाऱ्याकडे, चाकांना चॉक. बारामती असो की धुळे, उन्हाळ्यात दुपारचा भोवऱ्यासारखा वारा सुटला की १× आणि २× दोन्ही नाचतात, सकाळीच उरकावं. आरपीएम कॉकपिटच्या घड्याळावरून न घेता फोटोटॅकवरून (प्रकाशाने फेरे मोजणारं यंत्र) घ्यावा. परावर्तक पट्टी पात्याच्या मागच्या बाजूला, टॅकच्या डोळ्यात थेट ऊन येणार नाही अशा बेताने.

इंजिन बंद असताना एक नोंद, मग २१०० ला लागोपाठ तीन. तिन्हींत १× जुळत नसेल तर आधी ब्रॅकेट तपासायचा. १०५० चं शिखर १× च्या बरोबरीला आलं असेल तर बॅलन्सिंग थांबवून प्लग, इंजेक्टर नोझल आणि कॉम्प्रेशन बघायचं. नोंदींसोबत सेन्सरची जागा, विंडो, एकक, वारा आणि तापमान लिहायचं. सहा महिन्यांनी तुलना करताना हेच लागतं. शेवटी ब्रॅकेट आणि पट्टी काढायची, नट मॅन्युअलच्या टॉर्कला कसायचा आणि लॉगबुकात नोंद करायची.