ओपनसर्च क्लस्टर, तीन नोडांवरून पाच: रत्नागिरीची नोंदवही

आधीची मांडणी: १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडीचे तीन मिनी पीसी (क, ख, ग), एक गिगाबिट स्विच, आणि ओपनसर्च या मजकूर शोधून देणाऱ्या सॉफ्टवेअरची २ मालिका. प्रत्येक यंत्र म्हणजे एक नोड, सगळे मिळून क्लस्टर. आत मराठी विकिपीडिया आणि विकिस्रोतचे डंप (सगळ्या पानांच्या एकगठ्ठा फाइली). तिन्ही नोड मॅनेजर (क्लस्टरचा कारभार पाहणारा नोड) होण्यास पात्र, आणि सगळेच एका इन्व्हर्टरवर. म्हणजे तीन यंत्रे असली तरी बिघडण्याची जागा एकच.

म्हणून या टप्प्यात आधी वीज, मग नोड. क आणि ख पहिल्या इन्व्हर्टरवर, ग आणि नवा घ दुसऱ्यावर. दोन्ही इन्व्हर्टरांचे बटण यूपीएस मोडवर. साध्या मोडवर बदल व्हायला वेळ लागतो आणि तेवढ्यात मिनी पीसी रीस्टार्ट होतात. स्विच आणि राउटरला १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस. हा विसरला तर नोड जिवंत आणि क्लस्टर मेलेला.

आता मतदानाचा हिशेब. मॅनेजर निवडायला बहुमत लागते: तिघांत दोन. इन्व्हर्टर दोनच असतील तर एकावर दोन मते जाणारच, आणि नेमका तोच बसला की क्लस्टर थांबणार. तिसरे मत तिसऱ्या विजेवर हवे. त्यासाठी ४ जीबीचा जुना लॅपटॉप घेतला. त्याची बॅटरी हाच त्याचा यूपीएस. त्याला फक्त क्लस्टर मॅनेजरची भूमिका, डेटा नाही, हीप (ओपनसर्चने स्वतःसाठी राखलेली मेमरी) १ जीबी. मॅनेजर आता क, ग आणि लॅपटॉप. क्रम महत्त्वाचा: आधी लॅपटॉप जोडा, तो यादीत दिसू द्या, मग ख ची मॅनेजर भूमिका काढून तो रीस्टार्ट करा. एका वेळी एकच पात्र नोड काढायचा. पहिल्या सुरुवातीची 'इनिशियल मॅनेजर नोड्स' ही ओळ क्लस्टर उभा राहिल्यावर कॉन्फिगमधून पुसायची असते. नव्या नोडात ती कॉपी-पेस्ट झाली, तर सीड होस्टचा (ज्याला विचारून क्लस्टर शोधायचा त्या नोडाचा) पत्ता चुकताच तो स्वतःचा वेगळा संसार थाटू शकतो.

बाकी तयारी नेहमीचीच: कर्नलमधला मॅक्स-मॅप-काउंट (एका प्रोग्रामला मेमरीचे किती भाग जोडता येतील ती मर्यादा) किमान २६२१४४, स्वॅप (मेमरीतला माल डिस्कवर ठेवणे) बंद, मेमरी लॉक चालू, पोर्ट ९२०० आणि ९३०० उघडे. हीपचे किमान आणि कमाल सारखेच. १६ जीबीत ८ देता येतात, पण इथे ६ ठेवले. उरलेली मेमरी फाइल कॅशला मिळते आणि शोधाचा वेग त्यावरच चालतो.

प्रत्येक डेटा नोडला 'इन्व्हर्टर' नावाचा गुणधर्म दिला (अ किंवा ब) आणि अलोकेशन अवेअरनेस (शार्ड, म्हणजे इंडेक्स या शोधसूचीचे तुकडे, वाटताना हा गुणधर्म पाहणारी सेटिंग) त्यावर लावला. डेटा सेंटरवाले इथे रॅक लिहितात, आपण इन्व्हर्टर. आता मूळ शार्ड आणि त्याची प्रत एका इन्व्हर्टरवर येत नाहीत. सोबत फोर्स्ड अवेअरनेसही लावा (एक इन्व्हर्टर गेला तरी त्याच्या वाट्याच्या प्रती दुसऱ्यावर बांधायच्या नाहीत, असा हुकूम). नाहीतर ब बंद पडला की सगळ्या प्रती अ वरच्या दोन डिस्कवर चढू लागतात, आणि डिस्क ८५ टक्क्यांवर नवे शार्ड घेणे थांबवते, ९० वर असलेले हलवू पाहते, ९५ वर इंडेक्स फक्त वाचनापुरता होतो.

नोड गेल्यावर प्रत दुसरीकडे बांधायला क्लस्टर मूळ सेटिंगमध्ये १ मिनिटच थांबतो. पावसाळ्यात इथे लाईट दहा मिनिटांत चार वेळा जाते-येते, तेव्हा हा उतावळेपणा परवडत नाही. डिलेड टाइमआउट १५ मिनिटे केला. संपूर्ण अंधारानंतर सगळे एकदम उठतात त्यासाठी गेटवे सेटिंग: निदान ३ डेटा नोड आल्याशिवाय रिकव्हरी (शार्ड पुन्हा उभे करणे) नाही, अपेक्षित ४. निसर्ग वादळानंतर (३ जून २०२०) किनाऱ्यावर कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. तेवढ्यासाठी इन्व्हर्टर नसतोच. बॅटरी उतरत आली की व्यवस्थित शटडाउन करणारी स्क्रिप्ट हवी. साध्या एसएसडीत वीज गेल्यावर लिहिणे पुरे करणारे कपॅसिटर नसतात, त्यामुळे 'लिहिले' म्हणून सांगितलेलेही जाऊ शकते. ट्रान्सलॉग (प्रत्येक बदलाची डिस्कवरची नोंद) म्हणूनच 'रिक्वेस्ट'वरच (दर विनंतीला डिस्कवर) ठेवा, 'असिंक'च्या (थोड्या थोड्या वेळाने) मोहात पडू नका.

अंधारानंतर एखादा नोड सर्टिफिकेट (त्याचे डिजिटल ओळखपत्र) 'अजून वैध नाही' म्हणून नाकारला गेला, तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बघा. सेल मेला की घड्याळ मागे जाते. सेल बदला, आणि घड्याळ जुळल्यावरच ओपनसर्च सुरू होईल असे लावा.

खाऱ्या हवेचा उपद्रव वेगळाच. शार्ड हलवायची मर्यादा मुळात सेकंदाला ४० एमबी, आणि रिकव्हरी ११-१२ एमबीवर अडकली तर सेटिंग चाळत बसू नका. केबल बघा. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच पुरतात. कनेक्टरचा एक संपर्क हिरवा पडला की लिंक गुपचूप १०० वर उतरते आणि दिवा मात्र लुकलुकतच राहतो. एथटूल या आज्ञेने लिंकचा वेग वाचा, दोन्ही टोके पुन्हा क्रिंप करा (नवे कनेक्टर दाबून बसवा).

शार्ड किती? एका शार्डला १० ते ५० जीबी हा संकेत; इथला माल त्याहून कितीतरी कमी, एकानेही भागले असते. तरी २ मूळ आणि प्रत्येकी १ प्रत ठेवली, म्हणजे चार नोडांना एकेक. मूळ शार्डांची संख्या नंतर थेट बदलत नाही, पण विश्लेषक (मजकूर तोडून शोधायोग्य शब्द करणारा भाग) बदलल्यामुळे रीइंडेक्स करायचेच, म्हणजे सगळे नव्या इंडेक्समध्ये पुन्हा भरायचेच होते. भरताना प्रती ०, रिफ्रेश (नवी पाने शोधात दिसू देणे) बंद, बल्कचा (एकदम पाठवायच्या पानांचा) गठ्ठा ५ ते १५ एमबी. शेवटी प्रती १, रिफ्रेश चालू, आणि एलियास (इंडेक्सचे टोपणनाव) नव्या इंडेक्सकडे वळवला.

विश्लेषक का बदलला, तर तयार मराठी विश्लेषक नाही आणि हिंदीचा उसना चालत नाही. हिंदी स्टेमर (शब्दाचे प्रत्यय छाटणारा भाग) शेवटचा 'कर' छाटतो. कोकणात याचा अर्थ मालवणकर शोधा आणि अख्खे मालवण मिळवा! म्हणून स्टेमर काढला, हिंदी नॉर्मलायझर (लेखनभेद एक करणारा) ठेवला. तो हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह काढतो, ऱ चा र करतो, त्यामुळे मिऱ्या आणि मिर्‍या या दोन्ही लेखनांना एकच निकाल येतो. किंमत अशी की दर्या आणि दऱ्याही एक होतात, दिन आणि दीनही. दर्या, दर्यात, दर्याचा हे शब्द कीवर्ड मार्करच्या यादीत टाकले की नॉर्मलायझर त्यांना हात लावत नाही. देवनागरी अंकांसाठी डेसिमल डिजिट फिल्टर, म्हणजे साल कोणत्याही अंकांत लिहिलेले सापडते.

विभक्तीचे काम अर्धे आहे. वेंगुर्ल्यात, वेंगुर्ल्याचा यांना वेंगुर्ले करण्यासाठी स्टेमर ओव्हरराइडची फाइल (कोणत्या रूपाचा मूळ शब्द कोणता, याची यादी) भरणे चालू आहे. हा फिल्टर नॉर्मलायझरच्या आधी ठेवला तर त्यातून आलेला शब्द कीवर्ड ठरतो, नॉर्मलायझर त्याला सोडून देतो, आणि 'वेंगुर्ले' शोधणाऱ्याला ती पाने दिसत नाहीत. नंतर ठेवा, आणि फाइलीतले शब्दही हलन्त काढूनच लिहा: वेंगुरलयात, वेंगुरले. दिसायला विचित्र, पण जुळते. सध्या फाइलीत तालुक्यांची नावे. गावे आणि माशांची नावे बाकी.