रिकाम्या फाटकापाशी गाडी का उभी करता?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय, नाहीतर मी लिहिणारा माणूस नव्हे. मी बागेतली छोटी आगगाडी चालवतो, आणि फाटक रिकामं असलं तरी त्याच्या अलीकडं ती उभी करतो. गेल्या रविवारी दुसऱ्या डब्यातून एक गृहस्थ ओरडले, "ओ मामा, सिग्नल लागलाय काय?" सगळा डबा हसला. त्याच्या आदल्या रविवारी एका बाईंनी उतरता उतरता तेच विचारलं, जरा सभ्यपणे. "फाटक बंद आहे, पलीकडं चिटपाखरू नाही, मग गाडी उभी का करता हो? पोरं कंटाळतात." ठेकेदार तर रोजच विचारतो. सकाळी बागेत फिरायला येणारे एक रिटायर मास्तर विचारतात आणि उत्तर ऐकायच्या आत पुढं चालू लागतात.

उत्तरं मी माणूस बघून देत आलोय. घाईतल्या माणसाला सांगतो, "नियम आहे." हे खोटं आहे. मला कुणी असा नियम घालून दिलेला नाही. उलट मास्तरांनी एकदा कायदाच ऐकवला. मोटार वाहन कायदा 1988, कलम 131. बिनमाणसाचं फाटक आलं की रस्त्यावरच्या गाडीनं थांबायचं, क्लीनरनं उतरून रुळापर्यंत चालत जायचं, दोन्हीकडं बघायचं, मग गाडी पुढं घ्यायची. म्हणजे थांबायचं रस्त्यावरच्यानं, रेल्वेनं नाही. मास्तरांचं बरोबर आहे. मोठ्या रेल्वेला दर फाटकाला थांबणं जमणारच नाही. म्हणून तर ब्रॉडगेजवरची बिनमाणसाची फाटकं 2019 च्या जानेवारीपर्यंत एकूणएक काढून टाकली. पण मास्तर, आमच्या बागेत रस्त्यावरचा म्हणजे कोण? हातात वितळणारं आइस्क्रीम घेतलेलं चार वर्षांचं पोरगं. त्यानं कलम वाचायचं?

दुसरं म्हणजे, ही खेळण्यातली गाडी आहे असं जे तुम्ही म्हणता ना, ते एकदा बंद करा. रूळ दोन फुटी आहेत. माथेरानची गाडी 1907 पासून याच रुंदीच्या रुळावर चालते, तिला कुणी खेळणं म्हणून फाटकात आडवं जात नाही. चिमणी खोटी आहे, कबूल. पत्र्याचा मुखवटा आहे, आत डिझेल इंजिन आहे. पण वजन खोटं नाही. इंजिन दीड टनाचं, मागं चार डबे, त्यात चाळीस माणसं. रविवारी सगळं मिळून पाच टन. आणि पूर्वी ब्रेक फक्त इंजिनाला होते. डबे मागून नुसते ढकलायचे.

टायर रस्त्याला धरून ठेवतो तसं लोखंड लोखंडाला धरत नाही. त्यात आमच्या वळणावर दोन विलायती शिरीष आहेत. पावसाळ्यात त्यांची बारीक पानं रुळावर पडतात, चाकाखाली रगडली जातात, आणि रुळावर काळपट साय धरते. बोट फिरवून बघा, ओल्या साबणाच्या वडीवर फिरवल्यासारखं लागतं. मी मोजलंय. मंगळवारी बाग बंद असते. डब्यांत चाळीस पोती वाळू भरली, माणशी एक, आणि ताशी आठ किलोमीटरनं येऊन ब्रेक दाबला. कोरड्या रुळावर वीस फूट. ओल्या पानांवर पहिल्यांदा अडतीस, दुसऱ्यांदा त्रेचाळीस. वळणावरच्या मेंदीच्या कुंपणामुळं दोन नंबरचं फाटक मला पस्तीस फुटांवर आल्याशिवाय दिसायचं नाही. एवढं सांगितलं की माणसं गप्प होतात. आकड्यांना कुणी उलट बोलत नाही.

फक्त हे सगळं मी नंतर मोजलं. आधी अकरा वर्षं गाडी चालवली तेव्हा टेप घेऊन खाली उतरायचं सुचलं नव्हतं.

आषाढातला रविवार होता. पाऊस थांबून थांबून, गर्दी अशी नाही, पण येणारे येतातच. पोराला कबूल केलेलं असतं. दोन नंबरचं फाटक पाळणे आणि भेळेच्या गाड्या यांच्या मधे आहे. फाटक म्हणजे पाइपचा आडवा दांडा, मागं वजन लावलेलं. तिथं एकोणीस वर्षांचं पोरगं उभं असायचं, माझ्याच हाताखालचं. माझ्या शिट्टीवर दांडा खाली, गाडी गेली की वर.

गाडीत पहिल्या डब्यात एक सहा-सात वर्षांचा मुलगा होता, बहिणीबरोबर. त्यांना बसवून आजोबा खाली उतरले. पांढरी टोपी, पायजमा, एका हातात काठी, बगलेत मिटलेली छत्री. एका तिकिटाला दोन फेऱ्या असतात. पहिल्या फेरीत नातू पलीकडच्या बाजूनं गेला, म्हणून दुसऱ्या फेरीला आजोबा पलीकडं जायला निघाले. एवढंच. त्याला हात करायला.

फाटकात रुळाच्या मधे फळ्या असतात, चालणाऱ्याला सपाट पडावं म्हणून. पण चाकाला आतल्या बाजूनं कड असते, तिला जायला रूळ आणि फळी यांच्या मधे खाच ठेवावीच लागते, दीड-दोन इंचाची. रोज हजार पावलं त्या खाचेवरून जातात, कुणाच्या ध्यानातही येत नाही. आजोबांच्या काठीला खाली रबराचं बूट होतं, काळं, पिळदार रेघांचं, नवं. ते बरोबर खाचेत बसलं, आणि वर भार पडल्यावर आणखी आत गेलं.

मी वळणातून बाहेर आलो तेव्हा ते दोन्ही हातांनी काठी ओढत होते. शिट्टी मारली. त्यांनी वर बघितलं. आणि एक हात उंच केला, पंजा माझ्याकडं करून.

बिंदू चौकात आपण रिक्षाला हात करतो ना, तसा. त्यात भीती नव्हती. घाईसुद्धा नव्हती. "थांब जरा, एवढी काठी काढतो" एवढाच त्याचा अर्थ. हात केला की गाडी थांबते हे जन्मभर बघितलेला माणूस. कोल्हापूरचाच माणूस तो. 1891 साली मिरजेहून रूळ आले ते आपल्या स्टेशनात येऊन संपले. वैभववाडीला पुढं न्यायचं बोलणं चालूच आहे, पण आजवर तरी आपल्या गावाला न थांबता निघून गेलेली गाडी आपण पाहिलेली नाही.

मी ब्रेकचा दांडा अंगावर ओढला, सगळा जोर लावून. चाकं जाम झाली. इंजिनाखालची खडखड एकदम बंद पडली आणि त्या जागी नुसती सर्रर्र. तो आवाज मला कळला होता, हे मी आज लिहितो. चाक फिरायचं थांबलं की ते ब्रेक राहत नाही, घसरगुंडी होते. अशा वेळी दांडा किंचित सोडायचा, चाक फिरू द्यायचं, परत धरायचा. मला जुन्या मिस्त्रीनं शिकवलं होतं. पण समोर माणूस असताना ब्रेक सोडायचा हे हाताला पटत नाही. माझ्या हातानं सोडला नाही. सोडला असता तर थांबली असती का? पोत्यांवर करून बघितलं, पाच-सहा फुटांचा फरक पडतो. आम्हाला चार हवे होते. कधी वाटतं जमलं असतं, कधी वाटतं पोती हात वर करत नाहीत, त्यामुळं तो हिशेब धरायचा नसतो.

पहिल्या डब्यातला पोरगा "आप्पा! आप्पा!" म्हणून दोन्ही हात हलवत होता. त्याला वाटलं, आप्पा आपल्यालाच हात करतायत.

गाडी त्यांच्यापर्यंत पोचली तेव्हा वेग माणसाच्या चालीएवढाच उरला होता. पुढची जाळी त्यांच्या कमरेला लागली, ते बाजूला पडले, आणि गाडी तिथंच थांबली. काठी खाचेत तिरकी उभी. नंतर ती स्क्रू ड्रायव्हरनं उचकटून काढावी लागली. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, वॉकर आला, काठीवर ते परत आले नाहीत.

मी एकदाच भेटायला गेलो. नारळपाणी नेलं होतं. घरचे नीट बोलले, हे मला जास्त जड गेलं. आजोबा बराच वेळ माझ्याकडं बघत होते. मग म्हणाले, "ड्रायव्हर, मी हात केला होता की." रागानं नव्हे. हिशेब जुळत नसला की माणूस विचारतो, तसं. मी म्हटलं, "व्हय आप्पा, बघितला." पुढं दोघांनाही काही सुचलं नाही.

तुम्ही म्हणाल, मिळालं उत्तर. थांबा. त्यानंतर बागेत काय काय झालं ते ऐका, म्हणजे तुमच्या प्रश्नात दम आहे हे मलाही मान्य आहे असं दिसेल. मेंदीचं कुंपण कमरेएवढं कापलं, फाटक आता ऐंशी फुटांवरून दिसतं. खाचेत रबराची पट्टी बसवली. चाकाची कड ती दाबून जाते, पण काठी किंवा बाबागाडीचं चाक आत जात नाही. चारही डब्यांना ब्रेक आले. वेग पाचवर आणला. फाटकाच्या अलीकडं मी स्वतः पिवळी पाटी रंगवली, मिरजेकडं जाताना रुळाकडेला दिसते तशी, "सी/फा". सीटी वाजवा, फाटक आहे. (एका पोरीनं ती "सीताफळ" अशी वाचली. मी दुरुस्त केली नाही.) एवढं झाल्यावर गाडी पूर्ण उभी करायची गरज उरत नाही. उद्यमनगरातला आमचा मिस्त्री हेच सांगतो. ब्रेकचे गुटके दुप्पट झिजतात, रविवारी तीस फेऱ्यांच्या जागी बावीस होतात. आणि गेल्या मे महिन्यात मी असाच थांबलो, तेव्हा डब्यात उभं राहिलेलं एक पोरगं तोंडावर आपटलं, ओठ फुटला. त्याच्या आईनं मला जे सुनावलं त्यातला एक शब्दही चुकीचा नव्हता. रिकाम्या फाटकासाठी भरलेल्या डब्यातलं पोर पाडलं मी.

मी आधी असा नव्हतो. माझ्या हातची फेरी अडीच मिनिटात व्हायची, त्याचा मला तोरा होता. फाटकात कुणी रेंगाळलं की मी शिट्टीचा दोर सोडायचो नाही. "गाडीचा हक्क पहिला" असं म्हणायचो, आणि ते चूक होतं असं मला आजही वाटत नाही. रुळावरची गाडी बाजूला होऊ शकत नाही, माणूस होऊ शकतो. त्या वेळच्या मला आजचा मी भित्रा वाटला असता. त्याला काय सांगू? तो म्हणेल, फाटकावर माणूस नव्हता म्हणून झालं, तुझा काय संबंध?

इथं मात्र मी त्याला सोडत नाही. माणूस का नव्हता?

अंगात कापरं भरलं होतं त्या दिवशी, भिजून. दुसरी फेरी सुटायच्या आधी मी त्या पोराला हाक मारून म्हटलं, "जा, दोन चहा घेऊन ये." तो म्हणाला, "मामा, दांडा टाकून जातो." मी म्हटलं, "राहू दे वर. कोण आहे? मी शिट्टी मारत येतो."

चौकशीत माझा जबाब लिहून घेतला. "घटनेच्या वेळी फाटकावर कर्मचारी हजर नव्हता." शब्द न् शब्द खरा. मी सही केली. पोराला दुसऱ्या दिवशीच काढलं. त्यानं कुठंही चहाचं नाव काढलं नाही. मी काढेन म्हणून वाट बघत होता की त्याला ते कामच नको होतं, मी कधी विचारलं नाही.

त्यामुळं तुमच्या प्रश्नाचं उत्तर आप्पांचा हात हे, की दोन कप चहा हे, मला नक्की सांगता येत नाही. गाडी उभी राहते तेव्हा मी फाटकाकडं बघतो आणि मनात तीन आकडे मोजतो. त्या तीन आकड्यांत काही फार थोर विचार येत नाहीत. बहुतेक वेळा मागून कोण ओरडतंय तेच ऐकू येतं. ठेकेदार म्हणतो, पुढच्या वर्षी आपोआप पडणारं फाटक बसवू, मग तरी थांबणं बंद कर. बघू, म्हटलंय.

तो पोरगा आता शिरोली एमआयडीसीत सीएनसी मशीनवर आहे. लग्न झालं, मुलगी आहे. दिवाळीच्या आधी दसरा चौकात भेटला, मोटरसायकल लावून मुद्दाम माझ्याकडं आला. "काय मामा, अजून गाडी थांबवताय म्हणं? आमच्या शिफ्टमधला एकजण सांगत होता." मी म्हटलं, थांबवतो. तो हसला, "चला, चहा घेऊ."

घेतला. त्याच्या मुलीबद्दल बोललो, पगाराबद्दल बोललो, गावातल्या खड्ड्यांबद्दल बोललो. ते दोन कप आमच्या मधे होते आणि त्यांचा विषय निघाला नाही. मी खिशात हात घालेपर्यंत पैसे त्यानं दिले होते.