आमची वाटचाल: वीतभर नळी

राही सरनोबत, तेजस्विनी सावंत, स्वप्निल कुसाळे ही आमच्याच जिल्ह्याची. कोल्हापुरात बंदुकीचा विषय निघाला की लोक हीच नावं घेतात. आमच्याकडं येणारा मात्र पदकासाठी येत नाही, शेतात घुसणाऱ्या रानडुकरांसाठी येतो.

वडिलांचं बंदूक दुरुस्तीचं दुकान. 2016 च्या शस्त्र नियमांनी नव्या अर्जदाराला प्रशिक्षणाचा दाखला, म्हणजे आपला एस-1, लागू लागला आणि आम्ही शिकवायलाही सुरुवात केली. सोबतीला मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले सुभेदार. त्यांनी ओळखीच्या कातारीकडून बारा बोरची लाकडी काडतुसं घडवून आणली, लाल रंगवली. अजून तीच वापरतो. आणि एक बाद नळीचा वीतभर तुकडा. त्यात सुभेदार वीस बोरचं, म्हणजे बारापेक्षा बारीक, रिकामं काडतूस सोडायचे. ते काडतुसाच्या घरातून (नळीचं मागचं तोंड) पुढं सरकून नळीत अडकायचं. मागून बारा बोरचं लाकडी काडतूस घालायचे, तेही बिनतक्रार बसायचं. "आता चाप ओढला तर?" एवढंच विचारायचे. वर्गात चिडीचूप. पुढं वाट बंद, नळी हातातच फुटणार, हे कळायचं.

ही गोष्ट दहा मिनिटांत सांगून होते, पण हाताला वळण लागायला दिवस जातात. बंदूक हातात आली की आधी मोडून, म्हणजे बिजागरीशी उघडून, आत काडतूस आहे का बघायचं, बोट चापाबाहेर, नळी माणसाकडं नाही. "साहेब, रिकामी आहे," म्हणणाऱ्याला सुभेदार परत पहिल्यापासून करायला लावत.

2019 साल आमच्या मुळावर आलं. एप्रिलमध्ये लोकसभा, ऑक्टोबरमध्ये विधानसभा. परवान्याच्या बंदुका दोनदा पोलीस ठाण्यात जमा. मधे ऑगस्टचा महापूर. दुरुस्तीला आलेल्या बंदुका आदल्या रात्री माळ्यावर चढवल्या म्हणून वाचल्या. लेथ, बाक, नळी साफ करायचे गज, ब्रश, सगळं गाळात. वर्षअखेर कायदाच बदलला, एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं. तिसरं जमा करायला निघालेली माणसं नवी खरेदी कशाला करतील?

तेवढ्यात आम्हीच ज्याला गज धरायला शिकवलं, त्या पोरानं दोन गल्ल्या सोडून वर्ग काढला. दुपारी आत, संध्याकाळी दाखला. फी आमच्या निम्मी. त्याच्याकडं नळी नव्हती, लाल काडतुसं नव्हती; चकचकीत बोर्ड होता. आमची गिऱ्हाइकं तिकडं गेली. मला वाईट वाटलं ते एवढ्याचंच, की जाताना कुणी "नीट शिकवत नाही" असं म्हटलं नाही. "तुम्ही फार वेळ खाता," म्हणाले.

दुकान विकायचं जवळजवळ ठरलं होतं. त्याच आठवड्यात राधानगरीकडचे तात्या जीपभर माणसं घेऊन दारात. तात्यांची एक नळीची बारा बोर वारसानं आलेली. आमच्या पहिल्या तुकडीत ते होते. सात जणांची फी आधी ठेवली, वर गुळाची ढेप. "ह्यांना सावकाश शिकवा," म्हणाले, "आमच्याकडं रात्री पिकात माणूसबी असतो."

त्या सात जणांवर दुकान तरलं. पुढची वर्षं काही सांगण्यासारखी नाहीत, चालू आहे.

जाता जाता एक. बंदूक चामड्याच्या पिशवीत घालून कपाटात टाकू नका. चामडं ओल धरतं, पावसाळ्यात नळी गंजते आणि मग मलाच गज घासत बसावं लागतं. काडतुसं वेगळ्या कुलपात. किल्ली कुठं आहे हे नातवाला माहीत असेल तर ते कुलूप नव्हेच.

परवा त्या चकचकीत बोर्डाखालून दाखला घेतलेला एक जण आला. पिशवी माझ्या रोखानं टेबलावर ठेवत म्हणाला, "रिकामी आहे." मी उठून बाजूला झालो, मोडून बघितली. काडतूस होतं. त्याला पहिल्या बाकावर बसवलं आणि वीतभर नळी पुढं ठेवली. फी पुरती घेतली.