बार्नला नकार आला तेव्हा

भिंती दगडी आणि शाबूत, छप्पर ठीकठाक, इमारत कित्येक वर्षं रिकामी. इंग्लंडमधल्या कॉट्सवोल्ड्स या टेकड्यांच्या भागातल्या या जुन्या बार्नचं, म्हणजे शेतातल्या कोठाराचं, घर करायला कोण कशाला नाही म्हणेल, असं आम्हाला वाटलं होतं. शेतातल्या इमारतीचं घर करायला तिथे पूर्ण परवानगीऐवजी 'क्लास क्यू' नावाची सोपी वाट आहे, हेही ऐकून होतो. नॅशनल पार्क आणि नॅशनल लँडस्केप (निसर्गसौंदर्यासाठी जपलेला प्रदेश; कॉट्सवोल्ड्स त्यातलाच) इथे ती वाट बंद असते, हे खरेदी झाल्यावर कळलं.

म्हणजे आता स्थानिक काउन्सिलकडे बांधकाम परवानगीचा पूर्ण अर्ज. २०२४ मधली फी ५७८ पौंड. खरा खर्च नकाशांचा आणि वटवाघळांचा. हो, वटवाघळांचा. ती कायद्याने संरक्षित, म्हणून छपरातून बाहेर पडतात का हे बघायला तज्ज्ञ मे ते सप्टेंबरमध्येच संध्याकाळी येऊन बसतात. आमचा आख्खा हिवाळा त्यांची वाट बघण्यात गेला.

काउन्सिलचं नामंजुरीचं पत्र त्रोटक होतं. खरा मजकूर केस ऑफिसरच्या, म्हणजे अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या, रिपोर्टमध्ये होता, आणि तो आपणच शोधून काढायचा. आम्ही भिंत पाडणार नव्हतो, उंची वाढवणार नव्हतो. आक्षेप होता तो आमच्या तिथे राहण्यालाच. छपरातल्या सहा खिडक्यांचा रात्री दरीभर दिसणारा उजेड, अंगणातली गाडी, खडीचा रस्ता आणि चक्क कपडे वाळत घालायची दोरी! दोरीवरून मी दोन दिवस धुसफुसत होते. मग एका संध्याकाळी समोरच्या टेकडीवरच्या पायवाटेवरून बार्नकडे पाहिलं. उतारावर एकही दिवा नव्हता. दोरीचं अजून पटत नाही, खिडक्यांचं पटलं.

नकारानंतर वर्षभरात दुसरा अर्ज फुकट करायची सवलत डिसेंबर २०२३ मध्येच गेली होती. म्हणून सहा महिन्यांच्या मुदतीत अपील केलं. त्याला फी नसते. अपिलाचा निर्णय देणाऱ्या इन्स्पेक्टर बाई जागा बघायला आल्या, तेव्हा मी सगळे मुद्दे पाठ करून तयार. पण तिथे बाजू मांडायचीच नसते! 'ही भिंत, ती पायवाट' एवढं दाखवायचं आणि गप्प राहायचं. वीसेक मिनिटं मी ओठ मिटून त्यांच्या मागे चिखल तुडवत होते.

अपील फेटाळलं गेलं. आता नवे नकाशे तयार आहेत. छपरात एकही खिडकी नाही, उजेड जुन्या मोठ्या दारातूनच, गाडी भिंतीआड. दोरी कुठेच दाखवलेली नाही.